अभ्यासिकेच्या छतातले ड्रायव्हर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतनं पोरंपोरी येतात, कुणी एमपीएससीवाली, कुणी पोलीस भरतीवाली, आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत हॉल भरलेला असतो. तिथल्या पीओपीच्या छतात गोल एलईडी पॅनेल आहेत, आणि पावसाळा संपता संपता त्यातली बरीच बिघडली. काही ठार बंद, काही सारखी लुकलुकणारी, आणि एक ओळ अशी की लाईट चालू तर आहे पण त्याखाली तासभर बसलं की डोकं दुखतं, अशी पोरांची तक्रार. समितीच्या बैठकीत विषय निघाला की सगळीच पॅनेल काढून नवी बसवू. मी समितीवर आहे आणि माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणून मी म्हटलं जरा थांबा, आधी मला वर काय आहे ते बघू दे. पॅनेल म्हणजे नुसती एलईडीची पट्टी आणि पांढरं डिफ्युजर, ते सहसा लवकर मरत नाही. मरतो तो त्याच्या मागे छतात पडलेला छोटा डबा, म्हणजे ड्रायव्हर, जो मेन लाईनचा २३० व्होल्टचा पुरवठा एलईडीला चालेल असा करून देतो. त्याच्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही, तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि वरनं पत्रा असलेल्या छतात उन्हाळ्यात काय होत असेल ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

वायरमन दादांना बोलावलं, मेन बंद केला, आणि एकेक पॅनेल स्प्रिंग दाबून खाली घेतलं. वर जे दिसलं ते बघून मला सगळ्या लुकलुकण्याचं कारण तिथंच कळलं. आधी वेळोवेळी जसे ड्रायव्हर गेले तसे कुणी ना कुणी हाताला मिळेल तो लावत गेलं होतं. पॅनेल सगळी एकसारखी, १२ वॉटची, आणि ड्रायव्हर मात्र चार जातींचे. एका पॅनेलला तर १२ व्होल्ट १ अँपचा अडॅप्टर जोडलेला. दादा म्हणाले, "ताई, पॅनेल बाराचं, ड्रायव्हर पण बाराचाच लावलाय की, मग लागत का नाही?"

हा गोंधळ इतका सगळीकडे आहे की जरा तपशिलात लिहिते. पॅनेलवरचे १२ हे वॉट, अडॅप्टरवरचे १२ हे व्होल्ट. १२ व्होल्ट गुणिले १ अँप म्हणजे १२ वॉट हा हिशोब बरोबर आहे, पण त्या पॅनेलच्या आत पांढरे एलईडी एकापुढे एक बारा जोडलेत आणि अशा तीन ओळी शेजारी शेजारी आहेत. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणजे बारांच्या ओळीला ३६ च्या आसपास. तिथं १२ व्होल्ट दिले तर एकही एलईडी जागा होत नाही. म्हणून वॉट बघून ड्रायव्हर घेणं म्हणजे अर्ध्या माहितीवर घेणं. आधी बघायचा तो करंट, मग व्होल्टेजची रेंज, आणि वॉट सगळ्यात शेवटी, कारण तो या दोघांच्या गुणाकारातनं आपोआप येतो.

करंट आधी का, हे दादांना दाखवायचं म्हणून आम्ही एक चांगलं पॅनेल ओळखीच्या आयटीआयच्या लॅबमध्ये नेलं. तिथं ० ते ३० व्होल्टची दोन सप्लाय मिळाली, ती सिरीजमध्ये जोडून करंटची मर्यादा लावून ठेवली आणि व्होल्टेज हळूहळू वर नेलं. तिशीपर्यंत काहीच नाही. बत्तीसच्या आसपास मंद उजेड आला, करंट अगदी थोडका. चौतीसला बरा उजेड. छत्तीसला पूर्ण, आणि करंट ३०० मिलीअँप. म्हणजे नुसत्या चारेक व्होल्टच्या फरकात पॅनेल जवळजवळ विझलेल्यापासून पूर्ण पेटलेल्यापर्यंत पोचलं. त्याच्यावर अजून दोन व्होल्ट सोडले असते तर करंट कुठल्या कुठे गेला असता. शिवाय एलईडी तापला की त्याचं व्होल्टेज थोडं उतरतं, मग व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर करंट अजून वाढतो, तो अजून तापतो. म्हणूनच अशा पॅनेलना कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर लागतो, जो करंट ३०० वर धरून ठेवतो आणि व्होल्टेज पॅनेलला जेवढं हवं तेवढं होऊ देतो. दादा हे सगळं बघत होते, म्हणाले, "म्हणजे ह्यो उलटाच कारभार झाला, घरात आपण व्होल्ट धरतो आन् करंट जाईल तसा जातो." बरोबर तेच. मला स्वतःला पुस्तकातनं इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

हे कळल्यावर छतातल्या बाकी तक्रारी सरळ सुटत गेल्या. लुकलुकणाऱ्या पॅनेलांच्या ड्रायव्हरवर आउटपुट १८ ते ३० व्होल्ट लिहिलेलं, करंट ३०० च. करंट जुळतो पण व्होल्टेजची खिडकी खाली पडते, पॅनेलला ३६ हवेत, ड्रायव्हर तिथपर्यंत जाऊ शकत नाही, मर्यादेला पोचला की बंद होतो, परत सुरू व्हायचा प्रयत्न करतो, परत बंद. तीच लुकलुक. उलट बाजूनेही असंच होतं, ५० ते ८० व्होल्टचा ड्रायव्हर ३६ च्या पॅनेलला लावला तर पॅनेलचं व्होल्टेज ड्रायव्हरच्या खालच्या मर्यादेच्याही खाली राहतं आणि असे बरेच ड्रायव्हरही लुकलुकतात. दोन पॅनेलना १८ वॉटचा ४५० मिलीअँपचा ड्रायव्हर होता आणि ती दिसायला सगळ्यात छान, लखलखीत, म्हणून कुणाची तक्रारच नव्हती. पण डिफ्युजर काढलं तर आतल्या एलईडींच्या मधोमध काळे ठिपके पडायला लागलेले. दीडपट करंट जात होता. लाईट नेहमीपेक्षा जास्त उजळ दिसला की लोकांना वाटतं भारी ड्रायव्हर मिळाला, मला तेव्हा काळजी वाटते.

राहिली डोकेदुखीची ओळ. तिथले ड्रायव्हर करंटला आणि व्होल्टेजला बरोबर होते. मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा त्यांच्यावर धरला तर पडद्यावर काळे पट्टे धावताना दिसले, शेजारच्या ओळीत पट्टे जवळजवळ नाहीत. आपली लाईन ५० हर्ट्झची, त्यामुळे ड्रायव्हरने आतला चढउतार नीट सपाट केला नाही तर उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सरळ बघून कळत नाही, पण तासन् तास पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्याला त्रास होऊ शकतो आणि ही पोरं दहा-दहा तास बसतात. तेव्हा मी ठरवलं की बाकी काही झालं तरी या हॉलमध्ये पट्टे दाखवणारा ड्रायव्हर ठेवायचा नाही.

नवे आणायच्या आधी एक प्रश्न मला सतावत होता. चुकीचे लावलेले बिघडले हे ठीक, पण काही मूळचे, बरोबर असलेले ड्रायव्हरसुद्धा थोड्याच दिवसांत गठ्ठ्याने गेले होते, ते का? नुसती उष्णता असती तर एक आज, एक चार महिन्यांनी असे गेले असते. म्हणून संध्याकाळी सगळे पंखे, कॉम्प्युटर चालू असताना डीबीवर, म्हणजे इमारतीच्या मुख्य वीजपेटीवर, मीटर लावलं. थ्री फेज कनेक्शन आहे. एका फेजवर न्यूट्रलशी १९८ व्होल्ट, दुसऱ्यावर २६२, आणि आकडे सारखे हलत होते. हे बघितल्यावर दादांनी लगेच सांगितलं, "न्यूट्रल सैल हाय ताई." मेन पाडून कव्हर काढलं तर न्यूट्रल लिंकचा एक स्क्रू ढिला आणि वायरचं टोक काळं पडलेलं. न्यूट्रल नीट बसलेला नसला की तिन्ही फेज आपापसात व्होल्टेज वाटून घेतात, ज्या फेजवर लोड कमी तिथं व्होल्टेज चढतं, आणि न्यूट्रल पूर्ण तुटला तर ते फेज टू फेजच्या ४१५ कडे धावतं. लाईटची फेज हीच कमी लोडची होती. टोक कापून नवं सोललं, लग मारली, स्क्रू आवळला, आणि तिन्ही फेज २३० च्या आसपास आल्या. हे न करता नवे ड्रायव्हर बसवले असते तर तेही गेले असते. ज्यांच्याकडे एकाच लाईनवरचे लाईट गठ्ठ्याने जातात त्यांनी ड्रायव्हरच्या कंपनीवर राग काढण्याआधी न्यूट्रल तपासून घ्या, आणि स्वतः नको, लायसन्सवाल्या वायरमनकडनं.

आता खरेदी. गावातल्या दुकानात पहिला प्रश्न हाच, "किती वॉट?" मी म्हटलं ३०० मिलीअँप, २५ ते ४२ व्होल्ट, तर दुकानदार म्हणाले असं कुणी मागत नाही. मग पुण्याला जाणं होतंच, तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले आणि सोबत पिशवीत आमचं एक पॅनेल घेऊन गेले. तिथं एका दुकानदाराने पॅनेलकडे न बघता आधी विचारलं "करंट काय?", तेव्हा मला हायसं वाटलं. त्यांच्याकडनं वेगवेगळे ड्रायव्हर काउंटरवर घेऊन लेबलं वाचत बसले. लेबलवर मी काय बघितलं तर आउटपुट करंट ३००, व्होल्टेजच्या रेंजमध्ये आपले ३६ मधोमध पडतात का, अगदी काठावर नकोत. इनपुट रेंज रुंद हवी कारण आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि रात्री चढतं. सर्जचा, म्हणजे लाईनवर क्षणभर येणारा मोठा झटका किती सोसतो त्याचा आकडा, आम्ही ४ केव्ही वाला घेतला. बीआयएसचा रजिस्ट्रेशन नंबर, आर पासून सुरू होणारा, आणि त्याच्यासोबत आयएस १५८८५, एलईडी ड्रायव्हरसाठीचं मानक ते. आयएस १६१०२ लिहिलेलं असेल तर ते बल्बसाठीचं आहे, ड्रायव्हरचं नाही. आणि आयसोलेटेड आहे का हे विचारून घेतलं. स्वस्तातले बरेच ड्रायव्हर नॉन-आयसोलेटेड असतात, म्हणजे आउटपुटच्या ३६ व्होल्टच्या वायरीचा थेट मेन लाईनशी संबंध असतो, हात लागला तर २३० चा झटका बसू शकतो. ज्या छतात पोरं कधी सजावटीचे फुगे लावायला हात घालतात तिथं मला तो नकोच होता.

एक गोष्ट तिथंच कळली. मला वाटत होतं पॉवर फॅक्टर, म्हणजे लाईनकडनं घेतलेल्या करंटचा किती भाग खरा कामी येतो तो आकडा, ०.९ च्या वर असला की ड्रायव्हर चांगला, उजेडही स्थिर. पण काउंटरवर पॅनेल लावून मोबाईल धरला तर पॉवर फॅक्टर जास्त असलेल्या एकात पट्टे ठळक दिसले. विचार केल्यावर कारण लक्षात आलं, एकाच टप्प्यात पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असेल तर आउटपुटला १०० हर्ट्झचा चढउतार बराच उरू शकतो. तेव्हा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. आम्ही पट्टे न दाखवणारा घेतला, जरा महाग पडला, पण सगळं धरूनही नव्या पॅनेलांच्या खर्चापेक्षा पुष्कळ खाली.

गावी परत आल्यावर दादांची एक शंका होती, एकच मोठा ६०० मिलीअँपचा ड्रायव्हर घेऊन दोन-दोन पॅनेल पॅरलल चालवली तर निम्मे ड्रायव्हर वाचतील की. कागदावर ३०० अधिक ३०० जुळतं. पण दोन पॅनेल कधीच तंतोतंत सारखी नसतात, ज्याचं व्होल्टेज जरा कमी ते जास्त करंट ओढतं, आणि एखाद्याची पिन निघाली तर ड्रायव्हर सगळे ६०० दुसऱ्यात ढकलतो. सिरीजमध्ये जोडली तर करंट दोघांना सारखा मिळतो पण मग ७२ व्होल्टला पोचणारा ड्रायव्हर लागतो, आणि एक गेलं की दोन्ही अंधारात. त्यापेक्षा एका पॅनेलला एक ड्रायव्हर हेच बरं, बिघाड शोधायलाही सोपं.

जोडणी करताना क्रम आम्ही पक्का ठेवला. एमसीबी (वीजपेटीतला त्या लाईनचा स्विच) खाली, त्यावर चिकटपट्टी आणि "काम चालू" ची चिठ्ठी, कारण खाली लायब्ररीत कुणीही येऊन पंखा लागत नाही म्हणून एमसीबी वर करू शकतं. मग टेस्टरवर विश्वास न ठेवता मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही शून्य बघितलं. आधी पॅनेल ड्रायव्हरला जोडायचं, लाल प्लसला, काळी मायनसला, पिन पूर्ण आत बसवायची, आणि त्यानंतरच मेन द्यायचा. चालू ड्रायव्हरला पॅनेल नंतर खुपसायचं नाही, कारण मोकळ्या ड्रायव्हरचा कपॅसिटर वरच्या व्होल्टेजला भरून बसलेला असतो, पॅनेल लावल्या क्षणी तो सगळा झटका एलईडीत जातो. वायरमन लोकांना घाईत ही सवय असते, "लागतंय का बघू" म्हणून चालू लाईनवर पिन लावतात, त्यात चांगली पॅनेल जातात. आणि पॅनेलच्या बारीक वायरीला चुकूनही थेट २३० लागता कामा नये, म्हणून इनपुटच्या बाजूला दादांनी प्रत्येक ठिकाणी स्क्रू कनेक्टर बसवला, आणि वायरीला नुसता पीळ मारून टेप गुंडाळणं बंद केलं. ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीवर न ठेवता हातभर लांब, पीओपीच्या फ्रेमला टायने बांधला, दोघांची उष्णता एकमेकांत जाऊ नये म्हणून.

सगळं लावून झालं, उजेड एकसारखा, मोबाईलमध्ये पट्टे नाहीत. पण रात्री दिवे बंद केल्यावर कोपऱ्यातली दोन पॅनेल अंधुक चमकत राहिली. दादांना वाटलं ड्रायव्हर खराब. बोर्ड उघडला तर त्या जुन्या स्विचमध्ये फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला होता, म्हणजे बटण बंद असतानाही फेज थेट ड्रायव्हरपर्यंत जिवंत. जुन्या बल्बच्या काळात हे कधी दिसलंच नसतं, एलईडीला एवढासा करंटही पुरतो म्हणून उघडं पडलं. स्विचमध्ये फेज घेतल्यावर चमक गेली. ती चमक किरकोळ वाटते, पण ज्याने बटण बंद करून ड्रायव्हरच्या वायरीला हात घातला असता त्याच्यासाठी ते किरकोळ नव्हतं.

शेवटी पुस्तकांच्या कपाटांवरची पट्टी. तिथं दहा मीटर स्ट्रिप हवी होती, आणि तिचा प्रकार पूर्ण वेगळा, कारण स्ट्रिपमध्ये दर काही एलईडींमागे रेझिस्टर आधीच बसवलेला असतो, तिला कॉन्स्टंट व्होल्टेज लागतं, म्हणजे इथं व्होल्ट अगदी जुळले पाहिजेत आणि अँप जास्त असले तरी चालतात. पॅनेलचा ड्रायव्हर इथं चालत नाही आणि इथली एसएमपीएस, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज देणारी सप्लाय, पॅनेलला चालत नाही. आम्ही १२ ऐवजी २४ व्होल्टची स्ट्रिप घेतली. मीटरला ९.६ वॉट, दहा मीटरला ९६ वॉट, म्हणजे २४ व्होल्टला ४ अँप. एसएमपीएस कायम पूर्ण ताकदीवर राबवू नये म्हणून ५ अँपची, १२० वॉटची घेतली, लोड बरोबर ८० टक्क्यांवर आला. सप्लायपासून कपाटापर्यंत वायर सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत ४ अँपला साधारण अर्धा व्होल्ट पडतो, २४ मधला अर्धा काही जाणवत नाही. तेवढाच उजेड १२ व्होल्टवर घेतला असता तर ८ अँप गेले असते, एक व्होल्टच्या वर पडला असता, तोही फक्त १२ मधला, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. शिवाय स्ट्रिपच्या स्वतःच्या तांब्यात वेगळा पडतोच. द्राक्षबागेत ठिबकची लाईन फार लांबवली की शेवटच्या वेलीला पाणी कमी पडतं तसं स्ट्रिपचं शेवटचं टोक मंद होतं, म्हणून आम्ही सप्लाय दोन रोलच्या मधोमध दिली, दोन्हीकडे पाच-पाच मीटर. क्लिपच्या कनेक्टरपेक्षा सोल्डर केलं, वर हीट श्रिंक स्लीव्ह घातली, आणि स्ट्रिप ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर चिकटवली म्हणजे उष्णता बाहेर जाते. एसएमपीएस लोखंडी जाळीची आहे, तिला अर्थिंग दिलंच पाहिजे, ते टर्मिनल बऱ्याच ठिकाणी रिकामं सोडलेलं मी बघितलंय. आणि अशा काही एसएमपीएसच्या बाजूला ११०-२२० चं छोटं सरकतं बटण असतं, ते २२० वर आहे ना हे मेन देण्याआधी बघून घ्यायचं, ११० वर राहिलं तर आपल्या लाईनवर ती लगेच फुटते.

प्रत्येक ड्रायव्हरवर आता मार्करने तारीख आणि "३०० मिलीअँप, ३६ व्होल्ट" लिहिलंय, आणि तसलेच काही जादा ड्रायव्हर ग्रंथपालांच्या कपाटात आहेत. जिन्यातल्या एका जुन्या लाईटचा मात्र पेच होता, त्याच्यावर स्टिकर नाही, जुना ड्रायव्हर जळून लेबल गेलेलं, जोडीचं दुसरं पॅनेलही नाही. तिथं एलईडी मोजले, एलईडी बसवलेल्या पाटीवरच्या (पीसीबीवरच्या) तांब्याच्या रेघा बघून एका ओळीत किती ते काढलं, त्यावरनं व्होल्टेज ठरलं, आणि करंट कळायला मार्ग नव्हता म्हणून अंदाजापेक्षा मुद्दाम कमी करंटचा ड्रायव्हर लावला. कमी करंटवर एलईडीचं काही बिघडत नाही, उजेड थोडा कमी मिळतो इतकंच, आणि जिन्याला तेवढा पुरतो.